व्हॉलवर ब्रेक कसा मारायचा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पोरांच्या कॉम्प्युटर गेमवर लेख आलाय, त्यात सगळे गेम एकाच माळेचे मणी म्हणून मोकळे झालात. गोळीबारवाल्या गेमबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते बंदच करा. पण माझी नववीतली नात 'कर्बल स्पेस प्रोग्राम' खेळते, रॉकेट बनवून ग्रहांवर यान उतरवायचा गेम, त्याच्याबद्दल दोन शब्द छापा.

मी पश्चिम रेल्वेत मोटरमन होतो. मलाही आधी हा टाइमपासच वाटायचा. मग एका दुपारी नात रडकुंडीला आली, यान तिसऱ्यांदा आपटलं होतं. गेममध्ये जूल म्हणून एक हिरवा अवाढव्य ग्रह आहे, आपल्या गुरूसारखा, त्याला पाच चंद्र, त्यातला व्हॉल बर्फाळ. त्रिज्या ३०० किलोमीटर, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या पावपटीहून थोडं कमी. हिने उतरायला पॅराशूट लावलेलं! अगं हवाच नाही तिथे, छत्री फुगणार कशी. तिथे ब्रेक एकच, इंजिन पुढच्या बाजूला वळवून पेटवायचं, आणि ते लवकर पेटवलं तर अधांतरी लटकत नुसतं इंधन जळतं, उशीर झाला तर खड्डा.

हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. फास्ट लोकल अंधेरीला लावताना प्लॅटफॉर्म दिसल्यावर ब्रेक मारून चालत नाही, आधीपासून हिशोब डोक्यात लागतो, पावसात चाक घसरतं म्हणून अजून आधी, आणि चर्चगेटला तर पुढे रूळच संपतो, समोर बफर. मी तिला म्हटलं, व्हॉल म्हणजे चर्चगेट समज. चौथ्यांदा उतरली.

तिथवर पोचणं हाही एक वेगळाच खेळ आहे. जूलजवळ यान भन्नाट वेगात येतं, तो वेग कमी करायला टायलो नावाच्या मोठ्या चंद्राच्या पुढून यान काढायचं, तो मागे खेचतो आणि इंधन वाचतं. शिवाय या चंद्रांचं टाइमटेबल ठरलेलं, टायलोची एक फेरी होते तोवर व्हॉलच्या दोन आणि लेथ नावाच्या आणखी एका चंद्राच्या चार. गुरूच्या गॅनिमीड, युरोपा, आयो या चंद्रांचंही अगदी असंच आहे, ही कल्पना तिथूनच उचललेली दिसते. खऱ्या युरोपाला या खेचाखेचीतून आतून ऊब मिळते, म्हणून बर्फाखाली समुद्र असावा असं शास्त्रज्ञ म्हणतात. गेममध्ये हे होत नाही कारण तिथे चंद्र एकमेकांना खेचतच नाहीत, रुळावरच्या गाडीसारखे ठरलेल्या वाटेने फिरतात, आणि यानालाही एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण लागतं, आणि गुरूभोवती जे भयंकर रेडिएशन आहे तेही जूलभोवती नाही. म्हणजे खेळ तो खेळच, मी काय त्याची जाहिरात करत नाहीये.

पण त्या रेडिएशनवरून नातीने स्वतःहून युरोपा क्लिपरची माहिती काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं नासाचं यान, एप्रिल २०३० ला गुरूपाशी पोचणार. ते युरोपाभोवती फिरणारच नाही, गुरूभोवती फिरत फिरत ४९ वेळा जवळून जाऊन पळ काढणार. ती म्हणाली, आजोबा हे घाबरट आहेत. म्हटलं घाबरट नाही गं, तिथेच थांबले तर रेडिएशनने यंत्रं लवकर खलास होतील, हा पण ब्रेकसारखाच हिशोब आहे. शाळेच्या पुस्तकातला वेग आणि त्वरणाचा धडा तिला त्या आठवड्यात एका बैठकीत समजला, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

लेख लिहिणाऱ्यांना आमच्याकडे चहाला पाठवा. एकदा व्हॉलवर उतरून दाखवा म्हणावं.

सध्या आमचं यान तिथे उतारावर तिरकं उभं आहे, टाकी जवळजवळ रिकामी, आत गेममधले तीन हिरवे बुटके अंतराळवीर अडकलेत. युनिट टेस्ट संपली की सुटकेचं यान निघेल. पॅराशूट यावेळी फक्त परतीच्या कॅप्सूलला लावलंय.

आपला,
एक रिटायर मोटरमन, जोगेश्वरी (पूर्व)