खंबाटकी घाटात माझा मोबाइल मोकळा करून देणाऱ्या पोरीला

अगं, तुझं नाव विचारायचंच राहिलं बघ. मागच्या रविवारी स्वारगेट-सातारा एसटीत खिडकीशी तू बसली होतीस आणि शेजारी मांडीवर बाकरवडीची पिशवी घेतलेली ती मी. हे मी बोलून टाइप करतेय, म्हणजे मी बोलते आणि मोबाइल लिहितो, तेव्हा काना-मात्रा कुठे इकडचा तिकडे झाला तर समजून घे.

घाटात तो ट्रक बंद पडला, आपली गाडी पाऊण तास जागची हलेना, मी वैतागून मोबाइल काढला आणि तू सहज बघून म्हणालीस, काकू, साताऱ्यात ८६ डिग्री? म्हटलं हो ना, दिवाळीपासून हेच चाललंय, कधी ८६ कधी ९१, मी बघायचंच सोडलं. तू आधी खूप हसलीस आणि मग सांगितलंस की हे फॅरेनहाइट आहे, आपल्या हिशोबाने ३० च. आता मला काय माहीत, मोबाइल लेकाचा जुना, तो न्यू जर्सीत असतो, दिवाळीत आला तेव्हा मला देऊन गेला, आणि त्याचा सगळा संसार त्या स्क्रीनवर तसाच. तिकडचा शेअर बाजार, पावलं मोजायचं यंत्र, बातम्या, हवामान, कॅलेंडर, असे सगळे मोठाले चौकोन (विजेट म्हणतात ते), आणि माझं व्हॉट्सॲप कुठे तर तिसऱ्या पानावर कोपऱ्यात! फोटो बघायला जावं तर बोट शेअर बाजारावर.

आधी पुतण्याला दाखवला होता. त्याने हातातून घेतला, टकटक केलं, झालं काकू म्हणून परत दिला, बघते तर दोन चौकोन गेलेले आणि एक नवीनच आलेला. आणि मी स्वतः हात लावायला घाबरायचे कारण मागे असंच दाबता दाबता बँकेचं ॲपच उडवलं होतं, मग परत ते ओटीपी, नवीन पिन, दोन दिवस डोक्याला ताप.

तू मोबाइल हातात घेतलाच नाहीस. म्हणालीस, तुमचंच बोट ठेवा, दाबून धरा, सोडू नका. धरलं तर ते हलेना, कसला तरी मेसेज आला, मी लगेच म्हटलं बघ, बिघडला. तू म्हणालीस बिघडला नाही, लेआउट लॉक आहे, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी हलू नये म्हणून कुलूप, आता रिकाम्या जागेवर दाबून धरा, खाली सेटिंग्ज येईल, त्यात ते लॉकचं बटण बंद करा. एवढंच होतं गं, एवढ्यासाठी मी तीन महिने ८६ डिग्रीत काढले! मग परत दाबून धरलं तर रिमूव्ह आलं. तू बजावलंस की चौकोनावर रिमूव्ह केलं तर नुसता चौकोन जातो, ॲप आत तसंच राहतं, पण ॲपच्या चिन्हावर अनइन्स्टॉल दिसलं तर मात्र थांबायचं. हे मी वहीत लिहून ठेवलंय.

कॅलेंडर काढताना माझा हात थरथरला ते तू बघितलंस. खरं सांगू, रात्री झोप नीट लागली नाही, सोमवारी डोळे तपासायला जायचं होतं आणि त्याची आठवण त्यातच लावलेली. सकाळी बरोबर १० ला वाजली बघ! तेव्हा कुठे तुझ्यावर पूर्ण विश्वास बसला (राग मानू नको).

आणि ते दोन वेळांचं घड्याळ. तू सगळं काढायला सांगत होतीस आणि तिथे मात्र थांबलीस, विचारलंस, काकू हे ठेवायचं का? पुतण्याने नसतं विचारलं. तिकडे थंडीत साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ, माझ्या कधी लक्षात राहत नाही, एकदा लेकाला पहाटे ३ ला उठवलाय मी. ते घड्याळ आता एकटंच वर आहे, आणि त्याच्याखाली व्हॉट्सॲप, फोन, कॅमेरा.

ट्रक हलला आणि तू सुरूर फाट्याला उतरलीस, वाईला जायचंय म्हणालीस, मी नुसतं बरं बरं केलं. बोट उजवीकडे सरकवलं की डावीकडून जी बातम्यांची पाटी येते ती राहिली होती, ती परवा मी एकटीने बंद केली, तिथेच रिकाम्या जागेवर दाबून. मग घड्याळात तिकडचे रात्रीचे १० बघूनच लेकाला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याने विचारलं कोणी करून दिलं, म्हटलं मीच केलं, वाईच्या एका मुलीने शिकवलं.

पाऊण तास बाकरवडी माझ्या मांडीवर होती आणि तुला घे म्हणायचं सुचलं नाही, तेवढं मात्र मनाला लागलंय. साताऱ्याला कधी आलीस तर पोवई नाक्याजवळच राहते मी.

तुझी एसटीतली काकू