निनावी संदेशांपेक्षा वार्ताहर हवा

संपादक महोदय,

जनमत घडवण्याचे काम आता मोबाईलच करतो, हे आपल्या कालच्या अग्रलेखातील मत पटले नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी 'गोमन्तक' गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' विरोधात ठामपणे उभे होते. दोन्ही मराठी दैनिकेच. आमचे वडील दोन्ही अंक शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. कोणाची बाजू कोणती, हे सर्वांना ठाऊक असे. परवा आमच्या ग्रामसभेत जमीन रूपांतरावरून भांडण पेटले ते एका निनावी संदेशामुळे. लिहिणारा कोण, हे कुणालाच सांगता येईना. त्या सभेची ओळभर बातमीही कुठे छापून आली नाही. ग्रामसभांना वार्ताहर पाठवा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, फोंडा