बंड्या, सही केली नाही

प्रिय बंड्या,

पत्र लांबलं तर लांबू दे. घरी सांगितलं तर "एका सहीचं एवढं काय" म्हणतील, ऑफिसात बोलायची सोय नाही. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं.

आता मुद्दा. चाकणला आपले मीटर वाचणारे जे डबे लागलेत ते अजून लिनक्सच्या ५.१० कर्नलवरच, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीवरच आहेत. यंदा गिऱ्हाइकाने सिक्युरिटी ऑडिट करवून घेतलं. त्यांचा स्कॅनर काय करतो, तर कर्नलचा आवृत्ती क्रमांक बघतो, यादीशी ताडतो आणि लाल खूण मारतो. आत कोड काय आहे ते तो बघतच नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले सीव्हीई, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटींचे क्रमांक, स्वतःच देतात आणि सुरक्षेशी दूरचा संबंध असेल अशा दुरुस्तीलाही देतात, त्यामुळे यादी पानंच्या पानं. साहेबांनी ठरवलं की आपला कर्नल आहे तिथेच ठेवायचा, यादीतल्या एकेका त्रुटीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, मेनलाइनमधून, म्हणजे लिनस टोरवाल्ड्सच्या मुख्य कोडमधून उचलायचा, आणि लाल ते हिरवं करायचं.

त्यातला एक पॅच माझ्याकडे रिव्ह्यूला आला. तुझ्या खुर्चीवर आता जी नवीन मुलगी बसते तिने केलेला. मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये एरर आली की बफर, म्हणजे तात्पुरता घेतलेला मेमरीचा तुकडा, सोडायचा राहून जात होता, तिथे तो सोडणारा एक केफ्री घातलाय. एका ओळीचं काम. चेरी-पिक केलं, म्हणजे तेवढाच बदल उचलून आपल्या कोडवर लावला, एकही कॉन्फ्लिक्ट नाही. बिल्ड झाला, डबा बूट झाला, मीटर वाचायला लागला. मी सही करणारच होतो, पण सवयीने खालची 'फिक्सेस' ओळ वाचली, मूळ चूक कुठल्या कमिटने, म्हणजे आधीच्या बदलाने, आली ते सांगणारी. ती ज्या कमिटकडे बोट दाखवते ते ५.१० नंतरचं निघालं! ते आपल्या ब्रँचमध्ये, म्हणजे आपल्या ५.१० च्या प्रतीत, आलेलंच नाही. त्या कमिटने ड्रायव्हरची मांडणी बदलली होती. बफर सोडायचं काम वरच्या फंक्शनकडून काढून खालच्याकडे दिलं आणि तेवढी एक वाट राहून गेली. आपल्याकडे वरचं फंक्शन आजही इमानेइतबारे बफर सोडतंय. दुखणंच नव्हतं, आणि आपण औषध घेऊन उभे. आजूबाजूच्या ओळी दोन्हीकडे सारख्या, म्हणून गिटने, कोडचे बदल सांभाळणाऱ्या साधनाने, तो पॅच बिनतक्रार घेतला. आता कनेक्शन तुटलं की तोच बफर खाली एकदा सुटणार आणि वर पुन्हा एकदा. नुसता अंदाज नको म्हणून कासान, कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस, चालू करून बिल्ड केला आणि वाचन चालू असताना मोडेमची वायर उपटली. लॉगमध्ये डबल फ्री स्वच्छ अक्षरात. चाकणला लाइट दिवसातून किती वेळा जाते हे तुला मी सांगायला नको.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मग वरचा केफ्री काढ आणि खालचा ठेव, यादी तर हिरवी होईल." म्हणजे ती अख्खी नवी मांडणी मागच्या दाराने अर्धीमुर्धी आत घ्यायची, तीही कोणी न तपासलेली. मी सही केली नाही. पॅचखाली नाव घालायची साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ कर्नलमध्ये २००४ मध्ये आली ती हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे हे सांगायला, हे मलाही ठाऊक आहे. पण आपल्या टीममध्ये अण्णांनी तिला जो अर्थ लावून दिला तो तुला माहीत आहे. खाली नाव घातलं की पॅच आपला.

तू हसशील, पण मला सारखा तो डिसेंबर २०२३ चा शनिवार आठवतोय. डेबियन या लिनक्स वितरणाने १२.३ आवृत्तीच्या इमेज थांबवल्या आणि तू हॉटेलात ताटावरून उठून मला फोन केलास, "अपडेट लावू नकोस, हात बांधून बस." वहिनी तेव्हा माझ्यावरच चिडल्या होत्या. ती भानगड याच जातीची होती ना! एक्सटी-४ या फाइल सिस्टिमची दुरुस्ती कर्नल ६.१.६४ मध्ये आली, पण ती ज्या आयओमॅप या फाइल वाचण्या-लिहिण्याच्या भागातल्या बदलावर उभी होती तो मागेच राहिला. मेनलाइनमध्ये दोन्ही होते, तिथे सगळं ठीक. इकडे फाइलमध्ये कुठवर लिहिलं याचा हिशेब चुकला आणि डेटा बिघडायला लागला. ६.१.६६ मध्ये दुरुस्त झालं आणि रविवारी डेबियनने थेट १२.४ काढलं.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास, जुनं धरून बसू नका, थेट नवा कर्नल टाका. त्यावरून तू माझ्या पैशाचा चहासुद्धा प्यायला नव्हतास, आणि चहा सोडणारा बंड्या कॅन्टीनवाल्याने पहिल्यांदाच पाहिला. मी अजून म्हणतो की तुझं चूक होतं. मोडेमवाल्याचा स्वतःचा एक मॉड्यूल आहे, तो नव्या कर्नलवर बिल्डच होत नाही. पण दुसरं जे बोलायचास ते आता मी साहेबांना सांगतोय, की वेचून घेऊ नका, ५.१० ची अख्खी स्टेबल रिलीज, म्हणजे कर्नलवाल्यांनीच दुरुस्त्या एकत्र करून काढलेली आवृत्ती, घ्या. स्टेबल कर्नल सांभाळणारा ग्रेग क्रोआ-हार्टमन वर्षानुवर्षं हेच सांगतोय. त्यांच्याकडे पॅच आधी लिनसच्या ट्रीमध्ये गेलेला लागतो, मग रिलीजआधी सगळी रांग लोकांपुढे ठेवतात, ज्याला खटकेल तो तिथेच बोलतो. चूक तिथेही होते, ६.१.६४ ला झालीच. पण ती काही दिवसांत पकडली गेली, कारण तोच कर्नल जगभर चालत होता. आपण हाताने वेचून केलेला कर्नल जगात फक्त आपल्याच डब्यांत चालणार. तो बिघडला तर पहिली खबर चाकणच्या शिफ्ट सुपरवायझरकडून येणार. मला झोप येत नाही ती यामुळे.

आणि ती मुलगी. साहेब तिला सगळ्यांदेखत बोलले, "तुझा पॅच, तुझ्यामुळे अडलं." मला फार लागलं ते. तिचं काम चोख होतं, तिला फक्त ती ओळ कोणी वाचायला शिकवली नव्हती. संध्याकाळी तिच्याशेजारी बसून ते कमिट कुठल्या टॅगमध्ये, म्हणजे कुठल्या आवृत्तीत, आहे हे कसं बघायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने यादीतले असेच आणखी काही क्रमांक स्वतः शोधून आणले, जे आपल्या ब्रँचला लागूच नाहीत. हुशार आहे रे. टिकली पाहिजे.

तुझं काय? पॉलिटेक्निकची परीक्षा झाली का? वहिनींची बदली सांगलीतच झाली म्हणे, बरं झालं. द्राक्षाचा एखादा खोका एसटीच्या पार्सलने येऊ दे, मागच्या वेळचे आईने शेजाऱ्यांना वाटून टाकले.

मंगळवारी गिऱ्हाइकाची माणसं येणार आहेत. 'लागू नाही' असा शेरा प्रत्येक क्रमांकापुढे कारणासकट द्यायचा आणि बाकीच्यासाठी अख्खी रिलीज घ्यायची, असा मसुदा केलाय, सोबत जोडतो. दुसरा परिच्छेद ऑडिटवाल्यांना कळेल असा झालेला नाही, तो तू लिही, तुला ते जमतं. साहेब ऐकतील असं वाटत नाही, पण गिऱ्हाइकाचा तो साताऱ्याचा इंजिनियर ऐकेल, त्याने वायर उपटायचा प्रयोग समोर करून दाखवा म्हटलंय. सोमवारी रात्री फोन कर, साडेनऊनंतर, त्याआधी आईची मालिका असते.

तुझा,
दादू