अडीच किलो कमी पडले

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

अर्ज केला तेव्हा माझ्या ताईचं वजन ८५ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३४. बेरियाट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेच्या कॅशलेस मंजुरीसाठी तो निदान ३५ हवा होता, म्हणून विमा कंपनीने मंजुरी नाकारली. हिशोब केला तर ताईला साधारण अडीच किलो कमी पडले.

ओळखीच्या एका गृहस्थांनी अगदी कळवळ्याने सुचवलं, “महिनाभर तिला भात, तूप, गोडधोड खाऊ घाला आणि पुन्हा अर्ज करा.” ताई ४६ वर्षांची आहे. मधुमेहाला चौदा वर्षं झाली. दिवसातून चार वेळा इन्शुलिन टोचून घेते, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) दहाच्या खाली येत नाही. तिला मुद्दाम वजन वाढवायला सांगायचं? त्या गृहस्थांचा मला राग नाही आला. नियम वाचला तर कुणाच्याही डोक्यात हेच येईल.

विमा कंपनीबद्दलही माझी तक्रार नाही. पॉलिसीत लिहिलंय तसंच तिने केलं. विमा लोकपालांकडे जाऊन काय सांगणार? तेही पॉलिसीचीच ओळ दाखवतील. ती ओळ तुमच्या प्राधिकरणाने ठरवून दिलेली आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

२०१९ साली प्राधिकरणाने विम्यातून वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. ते काम मोलाचं होतं. त्याआधी बहुतेक पॉलिसींमध्ये ‘लठ्ठपणावरील उपचार’ एका शब्दात बाद व्हायचे. नव्या नियमाने दार उघडलं, पण चौकट अशी ठेवली: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह, यांपैकी एक तरी. शिवाय आधी साधे उपाय करून ते फसलेले असावेत.

हे ४० आणि ३५ आले कुठून? १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत हे आकडे ठरले, अमेरिकन रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून. २०२२ मध्ये बेरियाट्रिक शल्यविशारदांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनीच ते मागे टाकले. आता त्यांचं म्हणणं असं की ३५ च्या पुढे दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, मधुमेह असेल तर ३० पासून तिचा विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ वर आणावी.

आशियाई वेगळे का, हे शोधायला आपल्याला लांब जायला नको. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय दोघांना एकच आकडा सांगतो, आणि आपल्या माणसाच्या पोटातली चरबी त्यात दिसतच नाही. म्हणून तर आपल्याकडे मधुमेह लवकर होतो, कमी वजनावर होतो. हे संशोधन आपल्या पुण्याच्या डॉक्टरांनी जगाला दाखवलं, आणि आपल्याच देशातल्या पॉलिसीत अजून १९९१ चं माप आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

ही शस्त्रक्रिया सुंदर दिसण्यासाठी नाही, हे आमच्या घरातही समजवावं लागलं. जठर लहान केलं, आतड्याचा मार्ग बदलला की भुकेची आणि इन्शुलिनची संप्रेरकं बदलतात. अनेकांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येऊ लागते. ताईला तेच हवं आहे. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे डाग दिसू लागलेत.

माझी मागणी एवढीच: मधुमेह असलेल्या भारतीय रुग्णासाठी ३५ ची अट बदला. २७.५ एकदम जमणार नसेल तर ३० तरी करा. आणि ‘साधे उपाय फसले’ हे सिद्ध करायला नेमके कोणते कागद, किती महिन्यांचे, हे नियमातच लिहा. आम्ही आहारतज्ज्ञाच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. त्या पुरेशा आहेत की नाहीत, हे आम्हाला कुणीच सांगू शकलं नाही.

शस्त्रक्रियेचा खर्च आम्हाला साडेतीन लाख सांगितलाय. भावजी शेती करतात. सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे. पॉलिसीचा हप्ता नऊ वर्षांत एकदाही चुकलेला नाही. पुढचा येत्या महिन्यात आहे, तोही भरू. ताई सध्या ८४ किलोवर आली आहे. रोज पहाटे चालते, भाकरी अर्धीच खाते. वजन एक किलो उतरलं म्हणून परवा तिला आनंद झाला, आणि मग आता ३५ आणखी लांब गेलं हे आठवून ती गप्प बसली.

आपला,
एका विमाधारक बहिणीचा धाकटा भाऊ
जिल्हा सातारा