‘सवय आहे’ म्हणालास, म्हणून

प्रिय आनंद,

मुद्दाम मराठीत लिहितेय. तुला देवनागरी वाचायला वेळ लागतो. तेवढ्यानं तरी दोन घटका एका जागी बसशील.

रविवारी फोनवर सहज सांगितलंस, लायब्ररीत चौघं मित्र शिरलात आणि रखवालदारानं ओळखपत्र फक्त तुझं मागितलं. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, “जाऊ दे आई, सवय आहे.” रखवालदाराचा राग आलाच, पण माझी झोप उडाली ती या शब्दानं.

तुझा डॅड काळा, त्याच्या तोंडून हाच शब्द पंचवीस वर्षं ऐकतेय. दुकानात मागे मागे फिरणारा नोकर असो, गाडी अडवणारा पोलीस असो, सवय आहे. आणि चौतिसाव्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी. मी डॉक्टर नाही, तेव्हा दोन्हींची गाठ छातीठोकपणे मारणार नाही. पण शर्मन जेम्स नावाचे संशोधक १९७८ मध्ये आपल्याच नॉर्थ कॅरोलायनात एका निवृत्त काळ्या शेतकऱ्याला भेटले होते. घरची जमीन नव्हती, वाटेकऱ्याच्या पोटी जन्म. स्वतःच लिहायवाचायला शिकला आणि चाळिशीपर्यंत ७५ एकरांचा मालक झाला. पुढे मात्र रक्तदाब, सांधेदुखी, पोटात अल्सर. त्याचं नाव जॉन हेन्री मार्टिन. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकलेला आणि हातात हातोडा असतानाच कोसळलेला गोष्टीतला जॉन हेन्री तू डॅडकडून लहानपणीच ऐकलायस. या दोघांवरून जेम्स यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ हा शब्द काढला. हाताशी फारसं काही नसताना जिवाच्या आकांतानं झगडत राहिलं की शरीर त्याची वसुली करतं, अशी त्यांची मांडणी.

आपल्याकडे याला सोसणं म्हणतात, वर त्याचं कौतुकही करतात. आजोबांचंच बघ. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बारा वर्षांचे असताना, ते वडिलांबरोबर नागपूरला दीक्षेला गेले होते. ते शंभरदा ऐकलंयस. पण शाळेत त्यांना माठाला हात लावू देत नसत, ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे ते सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा बोलले, तेही तू व्हिडिओ कॉलवर खोदून विचारलंस म्हणून. हसत हसत सांगितलं आणि मग तासभर गच्चीवर जाऊन बसले. आजी म्हणाली, “मलासुद्धा माहीत नव्हतं गं.”

मी काळी नाही. जात काय करते ते आतून ठाऊक आहे, पण मागे पोलिसाची गाडी लागली की हात स्टिअरिंगवर कुठे ठेवायचे, हे तुला डॅडनंच शिकवायचं होतं. आणि तू जन्मलास तेव्हा माझ्याच एका मावशीनं “रंग बापावर गेला गं” म्हटलं, मी हसून सोडून दिलं. अजून टोचतं ते.

ग्रँडमा म्हणते, आपल्याला चर्च आहे, डोक्याचे डॉक्टर नकोत. तिला अडाणी समजू नकोस. गुलाम पळून जातात तो एक मानसिक आजार आहे, असं १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं लिहिलं होतं. आजाराला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असं भारदस्त नावही दिलं. अलाबामातल्या टस्कीगीला तर १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी डॉक्टर सिफिलिस झालेल्या काळ्या माणसांना उपचाराविना नुसते बघत राहिले. अविश्वास असा कमावलेला आहे. म्हणूनच १९६८ मध्ये काळ्या मानसशास्त्रज्ञांनी आपली वेगळी संघटना काढली. आणि त्या रखवालदारासारख्या बारीक टोचण्यांना ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हे नाव १९७० च्या सुमारास चेस्टर पियर्स या काळ्या मनोविकारतज्ज्ञानंच दिलं. नाव मिळालं की आपलं डोकं फिरलेलं नाही एवढं तरी कळतं.

तेव्हा कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जा. काळा समुपदेशक हवा, हे पहिल्याच फोनवर सांग. त्यात संकोच कसला? नाही जमलं तर दुसरा बघ. रात्री-अपरात्री फारच दाटून आलं तर ९८८ या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनला फोन कर, नाहीतर मेसेज. तक्रार करायची की नाही ते तू ठरव, मी रेटणार नाही. पण घडलेलं त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहून ठेव. आठवडाभरानं आपलंच मन आपल्याला खोटं पाडायला लागतं. आणि केस कापायला जातोस त्या दुकानात जरा रेंगाळत जा. तिथे सगळे तुझ्यासारखेच, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं मी डॅडला आधी वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. गुरुवारी चार वाजता त्यानंच एका थेरपिस्टची वेळ घेतली होती, हे मला नंतर कळलं. रात्री भांडी घासता घासता १९९८ मधली एक गोष्ट सांगायला लागला. पंचवीस वर्षांत माझ्या कानावर न आलेली. ती तो तुला स्वतः सांगणार आहे. शनिवारी त्याचा फोन घे.

तुझी,
आई