मॅच (स्पर्धेच्या) रायफलींसाठी लांब पितळी केसची .२२ काडतुसे आणि फोनवरचा धोकादायक सल्ला

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या क्लबने ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) आणि थ्री पोझिशनच्या स्पर्धा रायफलींसाठी .२२ एलआर (लाँग रायफल) स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साधारण वेगाची काडतुसे मागवली होती. ४० ग्रेन (वजनाचे एकक) वजनाची शिशाची गोळी, २,००० नग. त्यांतली १,५०० बरोबर आली. उरलेली ५०० ही ३२ ग्रेनची, तांब्याचा मुलामा दिलेली हायपर व्हेलॉसिटी (अतिवेगवान) काडतुसे निघाली. चुकीचा माल बदलून मिळतो, त्यावर पत्र लिहिण्याची गरज नव्हती. हे पत्र आहे ते फोनवर मिळालेल्या उत्तरामुळे: “.२२ एलआर सगळी सारखीच. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) घट्ट लागत असेल तर थोडा जोर लावा.” हा सल्ला देणे आजच्या आज थांबवा.

नेहमीच्या एलआरची पितळी केस, म्हणजे काडतुसाचे कवच, रिमसकट (बुडाच्या कडेसकट) १५.६ मिमी असते. या काडतुसांची केस व्हर्नियरने १७.८ मिमी भरली. एकूण लांबी दोन्हींची २५ मिमीच्या आसपासच, त्यामुळे ती मोजून काहीच कळत नाही. मोजायची ती केस, रिमच्या बुडापासून तोंडापर्यंत.

साध्या स्पोर्टिंग रायफलीच्या चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) ही केस मावते. मॅच चेंबर मात्र मुद्दाम आखूड ठेवतात. बोल्ट बंद होतानाच गोळी रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये) किंचित रुतावी आणि नळीच्या मध्यरेषेवर बसावी, यासाठी. तिथे दोन मिलिमीटर जादा पितळ गेले की केसचे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात आवळले जाते. बार होताना ते फाकून गोळी सुटायला हवी. फाकायला जागाच नसल्याने दाब वाढतो आणि .२२ एलआरची २४,००० पीएसआयची (दर चौरस इंचावर पौंड) दाबमर्यादा ओलांडली जाऊ शकते. रिमचे पितळ पातळ असते, कारण फायरिंग पिनने ते चेपूनच आतला मसाला पेटतो. म्हणून केस फुटते ती बुडाशी, आणि गरम वायू व पितळाचे कण बोल्टकडून मागे येतात. त्या क्षणी नेमबाजाचा गाल स्टॉकला टेकलेला असतो, डोळा बोल्टच्या अगदी जवळ. आमच्या रेंजवर शाळकरी मुलेही सराव करतात.

जोराने लावलेला बोल्ट पुन्हा उघडतानाही धोका टळत नाही. गोळी रायफलिंगमध्ये रुतून राहते, केस एकटीच बाहेर येते आणि बारूद ॲक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडते. ती गोळी पुढे रेटून दुसरे काडतूस बसवले, तर नळी फुगू शकते. जिवंत काडतूस अडकले असताना नळीच्या तोंडातून सळई घालून ठोकणे तर त्याहून वाईट.

बॅरलवर बहुतेक वेळा नुसते “.२२ एलआर” कोरलेले असते, चेंबर कुठला ते नाही. हा प्रश्न विकणाऱ्याने विचारायला हवा. आपल्या संकेतस्थळावर या मालापुढे “सर्व .२२ रायफलींसाठी” असे लिहिले आहे. ते काढून केसची लांबी आणि “मॅच चेंबरमध्ये वापरू नये” हा इशारा ठळक द्यावा. हा माल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावे. काडतुसांची खरेदी परवान्यावर नोंदवली जाते, तेव्हा परतीची कागदपत्रेही आपणच पूर्ण करून द्यावीत.

पाचशेच्या पाचशे काडतुसे वेगळ्या पेटीत, “वापरू नये” अशी चिठ्ठी लावून, शस्त्रागारात कुलूपबंद ठेवली आहेत. सात दिवसांत लेखी उत्तर हवे.

आपले,
शस्त्रागार समिती