दुभाष्यालाही टीममध्ये धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2024 च्या जुलैअखेर वायनाडला दरड कोसळली तेव्हा चूरलमालाचा 190 फुटी बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी पॅनेल जोडून उभा करायचा पूल, लष्कराने दीडेक दिवसात उभा केला, त्यात आपल्या नगर जिल्ह्याच्या मेजर सीता शेळके होत्या, तो फोटो बघून ऊर भरून आला होता. एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतरचा पादचारी पूल पण लष्करानेच बांधला, 2018 च्या फेब्रुवारीत खुला झाला. पण हेच लष्करी इंजिनिअर परदेशात जातात, किंवा चार-पाच देशांचे मिळून कुठे शाळा नाहीतर बांध बांधतात, तेव्हा त्यांच्यामध्ये उभा असलेला दुभाषी कुठल्याच बातमीत दिसत नाही. मला हे फार खटकतं.

मी आयुष्यभर मुंबईत बांधकाम साइटवर काम केलंय. स्लॅब भरायच्या दिवशी सेंट्रिंगवाला बंगाली, सळईवाला तेलुगू, आम्ही मराठी, सगळं मोडक्या हिंदीवर चालतं, आणि टेकू सरकलाय, माणसं बाजूला घ्या, एवढा निरोप पोचायला उशीर झाला तरी जीव जाऊ शकतो. आता विचार करा, थायलंडमध्ये कोब्रा गोल्ड नावाचा सराव 1982 पासून चालतो, त्यात वेगवेगळ्या देशांचे सैनिक मिळून खेड्यातल्या शाळांना हॉल वगैरे बांधून देतात. अमेरिकन माणूस फूट-इंचात मोजणार, थाई मीटरमध्ये, आणि कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या मेन बारना आवळणारी आडवी सळई, किती अंतरावर ते दोघांनी सारखंच समजून घ्यायचं. तिथे दुभाष्याला नुसतं इंग्रजी येऊन भागत नाही, मेन बार कुठला नि रिंग कुठली हे कळावं लागतं, नाहीतर ज्या हॉलमध्ये पोरं बसणार तोच कच्चा राहील.

दक्षिण सुदानात यूएनच्या शांतिसेनेत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, चीन, कोरिया, थायलंड अशा देशांच्या इंजिनिअर तुकड्यांनी काम केलंय. 2021 पासूनच्या पुरात तिथल्या बेंतिऊ शहराला चहूबाजूंनी पाणी, ते हटेचना, तिथले मातीचे बांध टिकवण्यात पाकिस्तानी तुकडीचा मोठा हात होता, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. पण पाणी आधी कुठून शिरतं, जमीन कुठे खचते हे तिथल्या गुराख्यांना आणि बायकांना माहीत असणार. यूएन स्थानिक माणसंच भाषा-सहायक म्हणून घेते ते यासाठीच मोलाचं वाटतं.

बरं, भाषा एक असली की झालं, असंही नाही. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली, सगळा मराठी मुलूख. माझ्या मावससासूबाई औसा तालुक्यात अशाच नव्या गावात गेल्या, सरळ रांगेतलं घर, त्या म्हणायच्या घर मजबूत आहे पण बैल कुठे बांधू? आधी कोणी विचारलंच नव्हतं. चांगला दुभाषी हेच विचारून घेतो, काम सुरू व्हायच्या आधी.

अफगाणिस्तानात आपल्या बीआरओने (सीमा रस्ते संघटनेने) झरांज ते देलाराम 218 किलोमीटरचा रस्ता बांधून 2009 मध्ये सुपूर्द केला, त्या कामात हल्ल्यांमध्ये आपली आणि अफगाण माणसं गेली. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये परदेशी फौजा काबूल सोडून निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले कितीतरी अफगाण दुभाषी मागेच राहिले. इंजिनिअरची ड्युटी संपली की तो घरी जातो, दुभाष्याचं घर तर तिथेच असतं. म्हणून त्याचा पगार, विमा आणि वेळ आली तर कुटुंबासकट बाहेर काढायची सोय हे सगळं प्रकल्पाच्या खर्चातच धरायला हवं, सिमेंट-सळईबरोबर.

आपल्याकडेही करता येण्यासारखं आहे. मुंबई विद्यापीठात अरबी, फारसी, रशियन, फ्रेंच शिकवतात, पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, केंद्र काही तासांवर. भाषा शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टीत महिनाभर तिथे नेऊन बेली ब्रिजचे पॅनेल कसे जोडतात, खाली कोणी का थांबायचं नाही, ड्रॉइंग कसं वाचायचं हे दाखवलं तर पुढच्या संकटाला पाठवायला माणसं तयार असतील. विद्यापीठ आणि लष्कराने मिळून हे मनावर घ्यावं.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या वेळी असा पुलाचा फोटो छापाल तेव्हा बातमीदाराला विचारायला सांगा की दुभाषी कोण होता, मात्र नाव छापल्याने त्याला धोका नाही ना हे आधी त्यालाच विचारून.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
लालबाग, मुंबई